राखलेल्या रानातली वाट

दक्षिण स्पेनमधल्या अरासेना गावातली शेवटची घरं मागे पडली की लिनारेसकडे उतरणारी वाट दोन गडग्यांच्या मधे शिरते. कोकणातल्या माणसाला इथे वेगळा शब्द शोधावा लागणार नाही. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून घातलेला कमरेएवढा, कुठे छातीएवढा गडगा. त्यावर शेवाळ, फटींतून बाहेर आलेली नेची, कडेने काटेरी वेली, आणि मधून लादलेलं खेचर जेमतेम जाईल एवढी पाणंद. उतार वाढला की त्या पाणंदीची पाखाडी होते : उभे रोवलेले दगड, आणि पावसाचं पाणी बाजूला काढायला मधे मधे घातलेल्या तिरक्या ओळी. गडग्यापलीकडे नजर टाकली की मात्र कोकण संपतं. तिथे वीस-वीस पावलांवर एकेक झाड, प्रत्येकाचा घेर मोकळा पसरलेला, खाली गवत, आणि गवतात काळसर डुकरं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे तुटून विरळ झालेलं जंगल वाटतं. तो समज इथेच सोडून द्यावा, कारण पुढची सगळी वाट त्यावर अवलंबून आहे. हे रान विरळ राखलेलं आहे. स्पॅनिशमध्ये याला देएसा म्हणतात आणि हा शब्द आला तो लॅटिनमधल्या ‘देफेन्सा’वरून. अर्थ सरळ आहे : अडवलेली, राखलेली जागा, बाहेरच्या कळपांना बंद असलेलं कुरण. आपण ‘गवत राखलंय’ म्हणतो तेव्हा जे म्हणतो, तेच. फरक एवढाच, की इथे गवताबरोबर झाडही राखलं जातं, आणि झाडाखालची सावली, झाडावरचं फळ, खोडावरची सालसुद्धा.

हा स्पेनच्या दक्षिणेचा, वेल्वा प्रांताच्या उत्तर टोकाचा डोंगराळ भाग. सिएरा मोरेना रांगेचं हे पश्चिमेकडचं टोक, पलीकडे पोर्तुगाल. सेव्हिलहून अरासेना रस्त्याने साधारण ९० किलोमीटर. १९८९ पासून हा नैसर्गिक उद्यान म्हणून संरक्षित आहे, क्षेत्र सुमारे १ लाख ८६ हजार हेक्टर. २००२ मध्ये युनेस्कोने शेजारच्या सिएरा मोरेनातल्या देएसांसह याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पण ‘संरक्षित’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसं माणूस बाहेर काढलेलं अभयारण्य हे नव्हे. इथली बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे, आणि तिच्यावर रोज काम चालतं. गावं एकमेकांपासून दीड-दोन तासांच्या चालीवर आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या जुन्या खेचरवाटा हेच आजचे भटकंतीचे मार्ग. अरासेना, लिनारेस दे ला सिएरा, अलाहार, कास्तान्यो देल रोब्लेदो, फुएन्तेएरिदोस आणि परत अरासेना असं वर्तुळ धरलं तर सगळं मिळून तीसेक किलोमीटर होतं. दोन दिवसांत निवांत होतं. एका दिवसात करता येतं, पण मग हे रान पाहून होत नाही.

ऋतूचा हिशेब आधी डोक्यात उलटा करून घ्यावा लागतो. आपला डोंगर पावसाळ्यात हिरवा आणि उन्हाळ्यात पिवळा. इथे पाऊस थंडीच्या दिवसांत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पहिला पाऊस आला की आपल्याकडे मृगानंतर येतो तसा हिरवा पोपटी लव जमिनीवर उठतो, तो थेट मे महिन्यापर्यंत टिकतो. जूनमध्ये गवत सोनेरी होतं आणि मग कडकडीत वाळतं. त्यामुळे चालायचे काळ दोन : मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत फुलांचा, आणि ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत फळांचा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा सहज ३५ अंशांच्या वर जातो, आणि देएसात सलग सावली कुठेच नसते. झाडाखालून निघालात की पुढच्या झाडापर्यंत ऊनच. सह्याद्रीत उन्हाळी ट्रेक केलेला माणूस इथे फसतो तो हवेच्या कोरडेपणामुळे. घाम अंगावर राहतच नाही, म्हणून तो येत नाहीये असं वाटतं, आणि पाणी कमी प्यायलं जातं. वसंतात माणशी दोन लिटर, उष्ण दिवसांत तीनच्या वर, असं पाणी गावातून भरूनच निघावं. १ जून ते १५ ऑक्टोबर या वणव्याच्या काळात रानात चूल किंवा शेगडी पेटवायला सक्त मनाई असते, आणि काही वाटा बंदही केल्या जातात.

आता झाडांकडे. देएसात हेक्टरी साधारण ३० ते ६० मोठी झाडं असतात. मुख्य झाड एन्सिना, म्हणजे सदाहरित ओक. साल काळपट, बारीक चौकोनी तडे गेलेली. पान वरून गर्द हिरवं, खालून राखाडी लवेचं. खालच्या फांद्यांवरच्या पानांना काटेरी दात असतात आणि वरच्या पानांना नसतात. गुरांचं तोंड पोहोचतं तिथवरच झाड स्वतःची राखण करतं. दुसरं अल्कोर्नोके, बुचाचा ओक. त्याची साल जाड, खोल भेगांची, बोटाने दाबली तर किंचित दबते. तिसरं केहिगो. हे पानझडी, पण पानं वाळली तरी फांदीवर लटकत राहतात, म्हणून हिवाळ्यात हिरव्या झाडांमधे तांबूस दिसतं ते केहिगो. तिघांचीही फळं टोपीत बसलेल्या सुपारीएवढी. स्पॅनिशमध्ये त्यांना बेयोता म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘बल्लूत’वरून आला. हिंदी-उर्दूत ओकला बलूत म्हणतात तोही तिथलाच. एकाच अरबी शब्दाची एक फांदी अंदालुसियात, म्हणजे इथे दक्षिण स्पेनमध्ये, गेली, दुसरी हिंदुस्थानात आली.

झाडाचा तो मोकळा, वाडग्यासारखा घेर आपोआप येत नाही. तरुणपणी तीन-चार मुख्य फांद्या धरून मधला शेंडा काढतात, म्हणजे ऊन आत शिरतं आणि फळ जास्त लागतं. पुढेही काही वर्षांनी हिवाळ्यात छाटणी होते. निघालेल्या फांद्यांची पानं गुरांना, लाकूड चुलीला किंवा कोळशाला. उतारावर कुठे गोल, सपाट, काळ्या मातीचा तुकडा दिसला तर ती जुन्या कोळशाच्या भट्टीची जागा समजावी. छाटणीत हात जड पडला, जाड फांदी तोडली, तर जखम भरत नाही. पाणी मुरतं, कुजतं, आणि लांब मिश्यांच्या भुंगेऱ्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. ढोली दिसणारी अनेक जुनी झाडं अशा घावांची आहेत.

शरदात या वाटेवर चालणाऱ्याला आवाजावरून कळतं की मोन्तानेरा सुरू आहे. कडकड असा सततचा आवाज, म्हणजे डुकरं फळं फोडताहेत. फळ दातांत धरून फोडायचं, गर खायचा, साल थुंकायची. हे ती इतक्या सफाईने करतात, की झाडाखाली सालींचा थर साचतो. मोन्तानेरा म्हणजे इबेरियन जातीच्या डुकरांना ओकच्या फळांवर मोकळं चारायचे शेवटचे महिने. स्पेनमध्ये २०१४ च्या शासकीय आदेशात याचे आकडे ठरवून दिले आहेत. डुकरं १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबरच्या दरम्यान रानात शिरली पाहिजेत, त्या वेळी कळपाचं सरासरी वजन ९२ ते ११५ किलो असावं, ६० पेक्षा जास्त दिवसांत किमान ४६ किलो वजन निव्वळ फळं आणि गवतावर वाढलं पाहिजे, आणि झाडोरा कितीही चांगला असला तरी हेक्टरी सव्वा डुकरापेक्षा जास्त नको. ४६ किलो हा आकडा विचित्र वाटतो, पण तो जुन्या मापाचा आहे : एक आरोबा म्हणजे साडेअकरा किलो, असे चार आरोबा. एक किलो वजन वाढायला नऊ-दहा किलो फळं लागतात, म्हणजे एका डुकरामागे चार क्विंटलच्या आसपास. सव्वा डुकराचं बंधन कुठून आलं ते या गुणाकारातून कळतं.

फळंही सगळी एकदम पडत नाहीत, आणि रान मिश्र का ठेवायचं याचं उत्तर तिथे आहे. आधी केहिगो गळतो, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एन्सिना, आणि सगळ्यांत शेवटी, जानेवारीपर्यंत, अल्कोर्नोके. एन्सिनाचं फळ सर्वांत गोड, म्हणून डुकरं ते असेपर्यंत बाकीच्यांकडे वळत नाहीत. जाणता राखण्या कळपाला सुरुवातीला लांबच्या, चढाच्या भागात नेतो आणि जनावरं जड होत जातील तसं जवळच्या सपाटीवर आणतो. जड डुकराला चढवलं तर कमावलेलं वजन तिथेच जातं. पूर्वी लांब काठ्यांनी फळं झोडपून पाडणारी माणसंही असत.

चालणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. डुकरं माणसाला पाहून पळत नाहीत, उलट खाणं आणलं असेल या आशेने धावत येतात. वीस-पंचवीस जनावरं अंगावर धावून येताना पाहिली की काळजाचा ठोका चुकतो, पण ती चार हातांवर थांबतात. पळू नये, पिशवी उघडू नये, काहीही खायला टाकू नये. ज्या रानाचा हिशेब किलोवर चालतो तिथे डब्यातली पोळी देणं म्हणजे मालकाच्या कामात ढवळाढवळ.

लिनारेस खळग्यात बसलंय, उंची साधारण ५०० मीटर. अरासेनाहून पावणेदोनशे मीटर उतरून सहाएक किलोमीटरांवर. घरांच्या उंबऱ्यापुढे बारीक काळ्या-पांढऱ्या दगडगोट्यांची नक्षी बसवलेली असते, एकेका घराची वेगळी. रांगोळी दगडात बसवावी तशी. तिच्यावरून सरळ चालत जाऊ नये असं मला वाटतं, कडेने जायला जागा असते. गावात वाहतं कारंजं आणि त्याला लागून कपडे धुण्याचा जुना दगडी हौद आहे. पाणी इथे भरून घ्यावं. कारंज्यावर ‘पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर पिण्याजोगं, ‘नो पोताब्ले’ असेल तर नाही, आणि ‘नो त्रातादा’ म्हणजे प्रक्रिया न केलेलं. गावकरी ते पितात, पण नवख्या पोटाने गाळणीशिवाय पिऊ नये.

लिनारेसहून अलाहारची वाट पश्चिमेला जाते आणि मधे लोस माद्रोन्येरोस नावाच्या वाडीतून निघते. गाडीरस्ता नसलेली, जवळजवळ ओस पडलेली ही वाडी. देएसा राखणारा माणूस गेला की काय होतं हे या टप्प्यात पाहायला मिळतं. चारणं थांबलं की चार-सहा वर्षांत हारा नावाचं झुडूप जमीन झाकतं. माणसाहून उंच वाढतं, पानं चिकट, डिंकासारखा रस, ऊन तापलं की गोड-कडवट वास सगळ्या खोऱ्यात भरतो. एप्रिल-मेमध्ये त्याला तळहाताएवढी पांढरी फुलं येतात, प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक गर्द तांबडा ठिपका. दिसायला देखणं, पण त्याच्या रसामुळे ते भडाभडा पेटतं, आणि आगीच्या आचेने त्याचंच बी जास्त उगवतं. म्हणजे एकदा हारा माजला की वणवा येतो आणि वणव्यानंतर पुन्हा हाराच. तो तोडायला माणूस लागतो, किंवा तो कोवळा असताना खायला शेळ्या लागतात. गडगा ढासळला, दगड कोणी पुन्हा चढवले नाहीत, जनावरं भलतीकडे शिरू लागली, की मालक काटेरी तार ओढतो, आणि कधी कधी ती तार जुन्या वाटेवरूनच जाते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि आखूड विजार या पट्ट्यात त्रासाची ठरते : हारा अंगाला चिकटतो, करवंदीसारख्या काटेरी वेली ओरबाडतात, आणि वसंतात उंच गवतातून गोचिडी चढतात. लांब विजार, पायमोजे बाहेरून चढवलेले, आणि मुक्कामावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत नीट तपासणी.

वाट चुकू नये म्हणून रंगखुणा आहेत आणि त्या वाचायला पाच मिनिटं लागतात. दोन समांतर पट्टे : पांढरा-तांबडा म्हणजे ५० किलोमीटरांहून लांब मार्ग, पांढरा-पिवळा म्हणजे १० ते ५० किलोमीटर, पांढरा-हिरवा म्हणजे स्थानिक छोटी वाट. पट्टे समांतर तर चालत राहा, मोडलेले तर त्या बाजूला वळा, एकमेकांवर फुली असेल तर ही वाट नव्हे. या भागातून जाणारा पांढरा-तांबडा जीआर ४८ पोर्तुगालच्या हद्दीवरच्या बारांकोसपासून निघून साऱ्या सिएरा मोरेनाभर सुमारे ५९० किलोमीटर जातो. खरी अडचण खुणा नसण्याची नाही, खुणा असलेलं झाड पडण्याची किंवा गडगा ढासळण्याची आहे. पाच-सात मिनिटं एकही खूण दिसली नाही, की शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरावं. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा, खोऱ्यांत रेंज नसते. अडचणीत क्रमांक ११२.

अर्धी काळी, अर्धी पांढरी, तिरकी दुभागलेली छोटी पाटी जागोजाग दिसते. ती शिकारीच्या राखीव हद्दीची, वाट बंद असल्याची नव्हे. मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रानडुक्कर आणि हरणाच्या हाकाऱ्याच्या शिकारी होतात, आणि त्या दिवशी वाटेच्या तोंडाशी इशारा लावतात. तो दिसला तर परत फिरायचं, त्यावर चर्चा नाही. निघण्याआधी गावात विचारून घेतलेलं बरं. ‘तोरो’ किंवा ‘गानादो ब्राव्हो’ असं लिहिलेल्या कुंपणात कोणत्याही कारणाने शिरू नये, ती झुंजीची गुरं. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरट राखणदार कुत्रे असतात. त्यांचं भुंकणं म्हणजे ‘थांब’. थांबावं, शांत आवाजात बोलावं, काठी उगारू नये आणि कळपाला लांबून वळसा घालावा. कळप चिरून मधून गेलात तर कुत्रा त्याचं काम करील.

फाटकांचं मात्र एकच सूत्र : जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. दुसरा भाग लोक विसरतात. उघडं फाटक कोणी विसरलंय असं समजून ते सद्भावनेने लावतात, आणि पलीकडचा कळप पाण्यापासून तुटतो. लोखंडी फाटकाला कडी असते, ती सोपी. अवघड ते तारा आणि उभ्या काठ्यांचं, आपल्या बेड्याच्या जातीचं. त्याची शेवटची काठी खांबाला वरखाली तारेच्या दोन फासांत अडकवलेली असते. सोडताना आधी खांद्याने काठी खांबाकडे दाबायची, ताण सैल झाला की वरचा फास काढायचा, मग काठी उचलून खालच्या फासातून सोडवायची. लावताना उलट : आधी काठीचं बूड खालच्या फासात, मग खांदा, मग वरचा फास. वरून सुरुवात केली तर ते कधीच बसत नाही, आणि ‘नीट लागत नाही’ म्हणून तसंच टाकून गेलेल्या फाटकातून रात्रीत डुकरं शेजाऱ्याच्या चेस्टनटच्या बागेत जातात.

सगळ्याच वाटा अशा अरुंद नाहीत. मधे कुठे पाणंद एकदम प्रचंड रुंद होते, तेव्हा समजावं की गुराख्यांचा जुना हमरस्ता लागला. मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला राजा दहाव्या अल्फोन्सोने १२७३ मध्ये मान्यता दिली, आणि उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला जाणाऱ्या कळपांच्या वाटांची मापं ठरली : कान्यादा ९० जुन्या स्पॅनिश वारांची, म्हणजे ७५.२२ मीटर, कोर्देल त्याच्या निम्मा ३७.६१, आणि व्हेरेदा २०.८९ मीटर. १९९५ च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालकीच्या आहेत. त्यांवर कुंपण घालता येत नाही, आणि चालणाऱ्याचा हक्क आहे. देशभर त्यांची लांबी सव्वा लाख किलोमीटरच्या घरात आहे. दिवाळीनंतर घाटावरून कोकणात आणि पुन्हा वर जाणाऱ्या आपल्या धनगरांच्या वाटांना असं लिखित माप आणि असा कायदा असता तर आज किती वाटा शाबूत असत्या, हा विचार इथे चालताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

अलाहारच्या डोक्यावर उभा कडा आहे, ला पेन्या. चुनखडीच्या पाण्याने थरावर थर चढून झालेला, छिद्राछिद्रांचा दगड. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या पदरचा विद्वान आणि त्याच्या एल एस्कोरियाल या राजवाडा-मठाचा ग्रंथपाल बेनितो आरियास मोन्तानो (१५२७–१५९८) इथे एकांतात राहत असे, आजही कड्याला त्याचंच नाव आहे. या पट्ट्यातली गावं चुनखडीच्या कडेला का बसली, हे पाण्यावरून कळतं : चुनखडीत मुरलेलं पाणी खालच्या न झिरपणाऱ्या खडकावर अडतं आणि झऱ्याने बाहेर पडतं.

अलाहारहून कास्तान्योकडे जाणारी वाट चढाची आहे, आणि माझ्या मते या वर्तुळातला सर्वांत सुंदर तुकडा हाच. एल कालाबासिनो ही गाडीरस्ता नसलेली वाडी मधे लागते. पाखाडी जुनी, गुळगुळीत झिजलेली. पाऊस पडून गेलेला असेल तर दगडाच्या माथ्यावर पाऊल ठेवू नये, दोन दगडांच्या सांध्यात ठेवावं, आणि उतरताना काठी पुढे. दोन्ही बाजूंनी अल्कोर्नोके, आणि त्यांची खोडं पाहून परक्या माणसाला धक्का बसतो. वर फांद्यांवर साल काळी-राखाडी, आणि खाली खोड सोललेलं, गेरूसारखं लाल.

हेच खरं बूच. पुण्यात रस्त्याकडेला पांढरी, लांब नळीची सुवासिक फुलं सांडणारं झाड आपण ‘बुचाचं’ म्हणतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. बाटलीचं बूच या ओकच्या सालीचं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ६० सेंटिमीटर झाला, म्हणजे झाड पंचवीस-तीस वर्षांचं झालं, की पहिली साल काढतात. ती खडबडीत, वेडीवाकडी असते, बुचाला निरुपयोगी. तिचं नाव बोर्निसो. नऊ वर्षांनी दुसरी, तीही पुरती सरळ नाही. आणखी नऊ वर्षांनी तिसरी, ती बाटलीच्या लायकीची. त्यापुढे दर नऊ वर्षांनी एकदा, झाड दीडशे-दोनशे वर्षांचं होईपर्यंत.

काम जून ते ऑगस्टमध्ये होतं, कारण सालीखालचा वाढीचा थर तेव्हाच ओलसर असतो आणि साल सुटते. कुऱ्हाडीचा दांडा शेवटाला पाचरीसारखा निमुळता केलेला असतो. आधी सालीतल्या सर्वांत खोल भेगेवर उभा घाव, मग कुऱ्हाड किंचित पिळायची. पोकळ आवाज आला तर साल सुटतेय, कोरडा आला तर नाही. मग वरच्या बाजूला आडवा घाव, आणि दांड्याची पाचर आत सरकवून फळी उचलायची. सगळं कसब घावाच्या खोलीत आहे. साल कापली पाहिजे आणि तिच्याखालच्या ‘आई’ थराला धार लागता कामा नये. लागली तर त्या रेषेवर पुन्हा साल धरत नाही आणि पुढच्या प्रत्येक खेपेला फळी तिथे फाटते. गरम कोरडा वारा सुटला किंवा पाऊस आला की साल चिकटते आणि ओढली तर ‘आई’ही बरोबर येते, म्हणून अशा दिवशी काम थांबवतात. नुकतं सोललेलं खोड पिवळट-गुलाबी असतं, मग गेरूचं, मग विटकरी, मग काळपट. रंगावरून किती वर्षं झाली याचा अंदाज येतो. पलीकडे पोर्तुगालमध्ये साल काढल्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगात लिहितात. अशा ताज्या खोडावर हात फिरवायचा मोह होतो. फिरवू नये, नखाचा ओरखडाही तिथे जखम आहे.

कास्तान्यो देल रोब्लेदो साधारण ७४० मीटरवर. अठराव्या शतकात सुरू झालेलं आणि कधीच पूर्ण न झालेलं एक भलंमोठं चर्च गावाच्या कडेला उभं आहे. इथून फुएन्तेएरिदोसपर्यंत चेस्टनटच्या बागा. ‘बागा’च म्हणायचं, कारण ही झाडं कलमी आणि मालकीची आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काटेरी बोंडं वाटेवर पडतात. वाटेवरचं एखादं कोणी नाही म्हणणार नाही, पण गडगा ओलांडून वेचणं ही चोरी, आणि गावात ती तशीच मानतात. पहिल्या पावसानंतर अळंबीही उगवतात. ताना, तेन्तुयो, आणि वसंतात जमिनीत अर्धी दडलेली गुरुमेलो, ही इथली मानाची नावं. त्यांच्याच शेजारी प्राणघातक हिरवट अमानिता उगवते, तेव्हा अळंबी खायची ती फक्त गावातल्या ताटात.

शाकाहारी माणसाने खाण्याची सोय पाहून ठेवावी. हामोनसाठी, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीसाठी, नावाजलेलं हाबूगो गाव इथून हाकेवर, त्यामुळे भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढंच म्हटलं तर हामोन येतोच, तो त्यांच्या लेखी मांसात मोजला जात नाही. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ असं तिन्ही सांगावं, नाहीतर सॅलडवर टूना मासा येतो. सकाळी भाजलेला पाव, ऑलिव्ह तेल, टोमॅटो सगळीकडे मिळतो. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, म्हणून शिदोरी सकाळीच घ्यावी.

फुएन्तेएरिदोसच्या चौकात बारा तोट्यांचं कारंजं अखंड वाहतं. ही मुर्तिगा नदीची सुरुवात. तिथून लोस मारिनेसवरून अरासेनाकडे परतताना देएसा पुन्हा लागतो. या भागात कुठे कुठे एक गोष्ट दिसते आणि दिसली की चटका लावून जाते : हिरव्या झाडांच्या मधे एक झाड उभं वाळलेलं, तपकिरी पानं अजून अंगावर. याला सेका म्हणतात, सुकवा. बहुतेक ठिकाणी मुळाशी फायटोफ्थोरा सिनामोमी हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव असतो. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत जातात आणि झाडाची केसांसारखी बारीक मुळं कुजवतात. हिवाळ्यात झाडाला ते जाणवत नाही, पाणी भरपूर असतं. मग उन्हाळा येतो, पाणी शोधायला मुळं उरलेली नसतात, आणि झाड काही आठवड्यांत जातं. म्हणून लोकांना वाटतं की उन्हाने मारलं. रोग ओढ्याकाठी, खळग्यात, पाणी साचणाऱ्या चिकण मातीत जास्त, आणि तो चेस्टनटलाही मारतो. त्यावर खात्रीचा उपाय नाही. जमीन नांगरायची नाही, चुना घालायचा, आणि माती इकडची तिकडे न्यायची नाही. माती जाते ती ट्रॅक्टरच्या चाकाने, जनावरांच्या खुरांनी आणि बुटांच्या तळव्यांनी. तळव्याच्या खाचांतला चिखल वाळल्यावर कडक ब्रशने आणि काडीने तिथल्या तिथेच, वाटेवरच काढावा, मग ७० टक्के अल्कोहोल फवारावं. कारंज्याखाली बूट धुणं हा उपाय नव्हे, ते पाणी पुढे कोणाच्या तरी मुळांशीच जातं.

मेलेल्या झाडांच्या जागी आपोआप रोप येत नाही, कारण आलेलं रोप मेंढी खाते. अनेक देएसांत सगळी झाडं शंभरीच्या पुढची आणि खाली एकही तरुण नाही, ही दुसरी, न दिसणारी सेका. म्हणून जागोजाग लोखंडी जाळीच्या उभ्या नळकांड्यात एकेक गुडघाभर रोप लावलेलं दिसतं. त्यातलं अल्कोर्नोके असेल तर पहिली साल २५ ते ३० वर्षांनी, बाटलीचं बूच ४३ ते ४८ वर्षांनी. त्या जाळीला टेकून बसू नये. खांब थोडा वाकला तरी वरच्या कडेला फट पडते आणि मेंढीचं तोंड आत जातं.